चावी समोरच्या घरी

मार्साजूलच्या चर्चच्या दारावर एक पुठ्ठा लटकत असे. त्यावर लिहिलेलं असे, 'चावी समोरच्या घरी'. समोरचं घर लाफोंचं, म्हणजे पाद्र्याचं नाव काढलं तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडते अशा घराण्याचं. देवाच्या घराची चावी लाल झेंड्यावाल्यांच्या खिळ्यावर, याची बाहेरून येणाऱ्यांना मोठी गंमत वाटायची. गावाला कधी वाटली नाही. घराबरोबर विहीर आली, अक्रोडाचं झाड आलं, तशी चावीही आली, एवढंच.

ते घर पूर्वी घंटा वाजवणाऱ्याचं होतं. सरकारनं चर्चशी काडीमोड घेतला आणि चर्चच्या इमारती गावाच्या गळ्यात पडल्या, तेव्हा ते विकायला निघालं आणि ओक्ताव लाफोंच्या आजोबांनी घेतलं. आजोबा गवंडी. त्या भागातले बहुतेक पुरुष गवंडीच. थंडी ओसरली की पॅरिसला जायचे, तिथे परक्यांची घरं बांधायचे आणि हिवाळ्यात घरी येताना थोडा पैसा आणि पुष्कळ मतं बरोबर आणायचे. आजोबांना दारामागे खिळ्याला लटकलेली ती पळीएवढी चावी दिसली. ते ती घेऊन मेयरकडे गेले. मेयर म्हणाला, "मी कुठे ठेवू? तुम्ही तर समोरच राहता." आजोबांनी ती परत खिळ्याला अडकवली. पुढे खिळा बदलला, घरातली माणसं बदलली, चावी तिथेच राहिली.

नोएमी त्या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासूनं तिला घर दाखवलं. "ही सुपाची हंडी. हे कोंबड्यांचं खुराडं. आणि ही चर्चची चावी. कोंबड्यांना उजाडलं की सोडायचं, चर्च कुणी विचारलं की उघडायचं."

"पण माझा तर बाप्तिस्माही झालेला नाही," नोएमी म्हणाली. तिचे वडीलही गवंडी होते.

"कुलपाला काय कळतंय?" सासू म्हणाली.

नोएमीचं आणि ओक्तावचं लग्न मेयरच्या कचेरीत झालं होतं. कचेरीतून बाहेर पडून वऱ्हाड चर्चसमोरून थेट कॅफेत, म्हणजे आताच्या कॅफेवाल्या मार्सियालच्या बापाकडे, गेलं. चर्चकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहील अशा बेतानं पाहिलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी एक सायकलवाला आला, पुठ्ठा वाचून त्यानं दार ठोठावलं, आणि नवी नवरी चावी घेऊन रस्ता ओलांडून गेली. तेव्हापासून ती जातच राहिली.

चर्च काही मोठं नव्हतं. ग्रॅनाइटच्या जाड भिंती, हात घालावा एवढ्या खिडक्या, खाली बसल्यासारखं दिसणारं अंग आणि वर चेस्टनटच्या लाकडी फळ्यांनी शाकारलेला अणकुचीदार मनोरा. नोएमीनं ते आधी फक्त उघडलं, मग झाडलं, मग पुसलं. वटवाघळांची घाण काढायची, फुलदाणीतलं पाणी बदलायचं, संताच्या लाकडी पुतळ्याच्या नाकावरची धूळ फुंकायची. येणारे लोक तिलाच विचारत, हे कधीचं? एका प्राध्यापकानं तिला अकराव्या शतकातलं म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्यानं बाराव्या. ते दोघे समोरासमोर कधी आले नाहीत, त्यामुळे तिनंच तडजोड केली. ती म्हणायची, "जुनं आहे. आमच्याआधीचं."

गोष्टी मात्र तिच्याकडे पुष्कळ जमल्या. क्रांतीच्या वेळी तोफा ओतायला घंटा मागवल्या गेल्या, तेव्हा गावानं आपली घंटा गिरणीच्या तळ्यात बुडवली आणि 'आमच्याकडे कधी नव्हतीच' असं अधिकाऱ्याला शपथेवर सांगितलं. तळ्यातल्या बेडकांनी साक्ष दिली नाही म्हणून घंटा वाचली. बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रात शेकडो वर्षं गावच्या पोरांची डोकी भिजली, त्याची कड आयांच्या कोपरांनी झिजलेली. दाराच्या डाव्या फळीवर घोड्यांचे नाल ठोकलेले, प्रवासाला निघणाऱ्यांनी नवस म्हणून ठोकलेले. आणि डावीकडच्या तिसऱ्या खांबाच्या डोक्यावर, संत नाही, राक्षस नाही, तर एक गवंडी कोरलेला. उकिडवा बसलेला, गाल फुगवलेले, हातात हातोडा. सगळ्या चर्चमध्ये देवाकडे पाठ करून बसलेला तेवढा एकच.

या गवंड्यात ओक्तावचा जीव अडकला होता. आणि त्यानं तो कधी पाहिलेला नव्हता.

ओक्तावचा नियम साधा होता. छप्पर गावाचं, आतलं पाद्र्याचं. मनोऱ्याच्या फळ्या बदलायचं काम त्याचंच. तो त्या करवतीनं कापत नसे. चेस्टनटचा ओंडका उभा फोडून रेषेरेषेनं फळी सोडवायची, म्हणजे पाणी तिच्यात मुरत नाही, अंगावरून निघून जातं. उन्हाळ्यात तो मनोऱ्याला दोरीनं बांधून घेऊन असा चिकटलेला असे की खालून सुतारपक्षी वाटावा. पण उतरला की चर्चच्या उंबऱ्याला पाय लावत नसे. त्याच्या बापानं नियम मोडला नाही, आजोबानं मोडला नाही, तो कशाला मोडेल! आयुष्यात एकदाच तो आत गेला होता, तोही दुसऱ्याच्या हातावर. बाप पॅरिसला असताना आजीनं नातवाला शालीत लपवून नेलं आणि गुपचूप बाप्तिस्मा करून आणलं. बापाला कळलं तेव्हा तो म्हणे महिनाभर आपल्या आईशी बोलला नाही.

नोएमी झाडू ठेवून घरी आली की ओक्ताव सुपात उरलेल्या घोटात लाल वाइन ओतून वाटी तोंडाला लावायचा, मिशा पुसायचा आणि विचारायचा, "आज काय म्हणत होता आपला माणूस?"

"कोण?"

"गवंडी गं."

"काय म्हणणार? बसलाय."

"हातोडा कुठल्या हातात म्हणालीस?"

"डाव्या. किती वेळा सांगू? अरे, रस्ता ओलांडून बघून का येत नाहीस एकदा? आत चिटपाखरू नसतं. देवसुद्धा नसेल."

"पाद्र्याचं घर आहे ते. मी परवानगीशिवाय कुणाच्या घरात जात नाही."

"आणि परवानगी दिली तर?"

"तर मुळीच जात नाही," ओक्ताव म्हणायचा, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश व्हायचा. या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण डावखुरा गवंडी म्हणजे आपल्याच घराण्यातला, कारण आजोबा डावखुरे होते, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

गावातले बाकीचे पुरुषही त्याच्याच जातीचे. कुणी मेलं आणि घरच्यांनी चर्चमध्ये विधी ठेवला, तर बायका आत जायच्या आणि पुरुष समोरच्या लिंडनच्या झाडाखाली उभे राहायचे. डोक्यावर टोप्या तशाच. पेटी बाहेर आली की टोप्या उतरायच्या आणि मग मात्र सगळ्यांत आधी खांदा द्यायला हेच पुढे. नोएमी दाराजवळ उभी राही आणि दाराची एक फळी किलकिली ठेवी, म्हणजे बाहेरच्यांना ऐकू यावं. पाद्र्याचं प्रवचन लांबलं की लिंडनखालून खोकल्याची एक लाट येई. पाद्री लोकही तेवढं समजून घ्यायचे.

दार दोन फळ्यांचं. डावी रोजच्या वापराची. उजवी पाणी पिऊन फुगलेली, फक्त पेटी न्यायची असेल तेव्हाच उघडायची, तीही खांदा लावून आणि शिव्या देऊन. नोएमीनं ओक्तावला किती वर्षं सांगितलं की हिला एवढा रंधा मार. तो म्हणायचा, "दार अर्धं आतलं, अर्धं बाहेरचं. बाहेरच्या अर्ध्याला मी रंधा मारला तर उपयोग काय?"

तर असं हे गाव. श्रद्धाळू म्हणावं असं शेवटचं माणूस म्हणजे क्लोतिल्दबाई, जुन्या शाळामास्तरांची बहीण. तिच्यासाठी तालुक्याच्या गावाहून फादर रूशों मधूनमधून यायचे आणि एका म्हातारीसमोर पूर्ण मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, म्हणायचे. सर्व संतांच्या सणाच्या तोंडावर, ऑक्टोबर संपता संपता, क्लोतिल्दबाई गेली. तिला निरोप देऊन नोएमीनं दार लावलं, आणि दुसऱ्या आठवड्यात मेयर जिल्बेर घरी आला.

जिल्बेर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. शेतकरी, हिशेबी, कामाला वाघ. पण गावाचा आगीचा बंब ताडपत्रीखाली गंजत होता, मनोऱ्याच्या फळ्या सडल्या होत्या आणि ओक्तावला आता शिडी चढवत नव्हती. आयुष्यभर ग्रॅनाइटची धूळ खाल्लेली छाती, दहा पावलं चालला की भात्यासारखी वाजायची.

"नोएमीबाई, तुमच्यापासून लपवून काही करायचं नाही म्हणून आलो," तो टोपी हातात फिरवत म्हणाला. "कायदा असा आहे की सहा महिने सलग आत एकही विधी झाला नाही, तर गावाला इमारत मोकळी करून मागता येते. बिशपच्या कचेरीतून हरकत यायची नाही, मी विचारलंय. मनोरा उतरवायचा, नाहीतर तो एक दिवस कुणाच्या तरी डोक्यावर उतरेल. आणि खाली बंब ठेवायचा."

"बंब?" नोएमी म्हणाली. "तिथे?"

"दार मोठं आहे. थोडं फोडून आणखी मोठं करू."

"अरे पण पुरातत्त्ववाले?"

"त्यांचा माणूस येऊन गेला ना मागे. म्हणाला, छान आहे, पण अशी आमच्याकडे ढिगानं आहेत."

ओक्ताव चुलीजवळ बसून ऐकत होता. नोएमीला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. तो एवढंच म्हणाला, "घंटेचं काय करणार?"

"शाळेच्या अंगणात ठेवू."

"शाळा बंद पडून चार वर्षं झाली, जिल्बेर."

"मग कचेरीच्या अंगणात," जिल्बेर म्हणाला आणि लाल होऊन निघून गेला.

त्या दिवसापासून नोएमीला झोपताना तो बंब दिसायला लागला. आपण देव मानत नाही, हे तिला ठाऊक होतं, त्यात काही बदल झाला नव्हता. पण जिथे आपण एवढी वर्षं केर काढला तिथे चाकांचं ग्रीस सांडणार, खांबांना डबे टेकवून ठेवणार आणि त्या उकिडव्या गवंड्याच्या खाली डिझेलचा वास येणार, हे तिला सहन होईना. चर्च तिचं नव्हतं. तरी गावात तिच्याइतकं ते दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. ती सरळ बाजाराच्या दिवशी बस पकडून फादर रूशोंकडे गेली.

फादर म्हातारे, गुडघ्यांनी गेलेले, आणि त्यांच्या गळ्यात चाळीसेक गावांची चर्चेस. ते म्हणाले, "येईन. मेणबत्त्यांच्या सणाला येईन, फेब्रुवारीत."

सणाच्या सकाळी नोएमीनं दारापासून वेदीपर्यंत दिवे मांडले. पठारावर बर्फ पडायला लागलं ते थांबेचना. फादरची गाडी घाटाच्या पायथ्याशीच रुतली आणि दूधवाल्याच्या ट्रॅक्टरनं ती उलट्या दिशेला ओढून नेली. दुपारपर्यंत नोएमी दारात उभी होती. ओक्तावनं खिडकीतून हाक मारली, "ये गं घरात! तुझा देव बर्फात अडकला. पॅनकेक गार होतायत."

"माझा देव नाही तो," ती चिडून म्हणाली. घरात येऊन तिनं पॅनकेक खाल्ले नाहीत.

ईस्टरला फादर मोठ्या गावात अडकले. ईस्टरनंतर ती पुन्हा गेली. या वेळी ते दमलेले दिसले. "मॅडम, कुणासाठी येऊ? क्लोतिल्द गेली. तुम्ही स्वतः तरी मानता का?"

"मानत नाही, फादर. झाडते."

फादर हसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितली नसती तर बरं झालं असतं, असं नोएमीला नंतर फार दिवस वाटत राहिलं. ते म्हणाले, "तुमच्या नवऱ्याचा बाप्तिस्मा झालेला आहे. देव त्यांना पुष्कळ आयुष्य देवो. पण वेळ आलीच, तर मी पायी येईन. अंत्यविधीला मी कधी नाही म्हटलेलं नाही."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. डॉक्टरनं सांगितलं होतं की ओक्ताव काही उन्हाळा पाहत नाही. जिल्बेरचे सहा महिने एप्रिलबरोबर संपत होते. म्हणजे तिच्या हातात काय होतं, तर नवऱ्याचं मरण. ते वेळेवर आलं आणि तिनं ते चर्चच्या दारातून आत नेलं, की मनोरा वाचला. कुणी तिला अडवलं नसतं. मेलेला माणूस काही पाय आपटून दारात उभा राहत नाही. शालीत गुंडाळून एकदा आजीनं नेलं, पेटीत घालून एकदा बायकोनं न्यावं! या विचाराची तिला इतकी शरम वाटली की उतरताना तिनं ड्रायव्हरचा निरोप घ्यायचंही सोडलं.

ओक्ताव पलंगावर उशांना टेकून बसला होता. बाहेर कोकीळ ओरडायला लागली होती.

"काय म्हणाला पाद्री?"

"येणार नाही म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "नोएमी, तुला मला काहीतरी विचारायचंय."

"मला? नाही बाई. सूप आणू?"

"विचार की."

"गाजर घातलंय आज," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे तिनं झाकण उगाचच दोनदा काढलं आणि ठेवलं. विचारलं तर तो कदाचित हो म्हणेल, ही तिला खरी भीती होती. माणसाला मरताना असं काही विचारायचं म्हणजे नाक दाबून तोंड उघडायला लावणं. त्यापेक्षा बंब आलेला परवडला.

ओक्ताव एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत गेला, सकाळी, ती कोंबड्यांना सोडून परत येईपर्यंत. शेवटचं बोलणं आदल्या संध्याकाळचं. त्यानं विचारलं होतं, "आहे ना अजून, आपला माणूस?" आणि ती म्हणाली होती, "जाईल कुठे?"

जिल्बेर आला तेव्हा तिनं सगळं ठरवलेलं होतं. "कचेरीसमोर ठेवा. तू दोन शब्द बोल. मग सरळ स्मशानात. पाद्री नको, पाणी नको, काही नको. त्याला हवं तसं."

जिल्बेरनं तिच्याकडे जरा विचित्रच पाहिलं. "नोएमीबाई, नक्की ना?"

"त्याचा शब्द आहे. माझा काय संबंध?"

"बरं," तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन तो घुटमळला, मग टोपी घालून निघून गेला.

तो गेल्यावर नोएमी रस्ता ओलांडून चर्चमध्ये गेली. गवंड्याच्या खाली थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन तिनं दाराला कुलूप घातलं आणि तो पुठ्ठा काढून घेतला. चावी तिनं खिळ्यावर लावली नाही, काळ्या कोटाच्या खिशात टाकली. तिच्या हातून आता ते चर्च गेलं होतं, आणि ते तिनं स्वतः घालवलं होतं, निदान तेवढं तरी तिला स्वच्छ ठाऊक होतं. ती रडली ती तेव्हा. ओक्तावसाठी रडायला अजून सुरुवात झाली नव्हती.

अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटली. पेटीवर लाल झेंडा. जिल्बेर चांगला बोलला, थोडक्यात बोलला. मग नेहमी लिंडनखाली उभं राहणाऱ्या माणसांनी पेटी उचलली. पुढे उजवीकडे जिल्बेर, डावीकडे कॅफेवाला मार्सियाल, मागे बाकीचे. स्मशानाची वाट चर्चच्या भिंतीशी येऊन डावीकडे वळते. नोएमी पेटीच्या मागे चालत होती. भिंत आली. खांदेकरी वळले नाहीत.

"डावीकडे," नोएमी म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. पेटी सरळ गेली आणि चर्चच्या बंद दारासमोर थांबली. लिंडनच्या झाडाखाली, एरवी टोप्यावाले उभे राहत तिथे, पांढरा झगा घातलेले फादर रूशों काठीवर भार देऊन उभे होते. चुकीच्या घरी जेवायला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

नोएमीच्या अंगाचा तिळपापड झाला. "जिल्बेर! ही काय थट्टा मांडलीय? माणूस मेलाय माझा!"

"मी नाही, नोएमीबाई," जिल्बेर घामाघूम होऊन म्हणाला. "म्हणजे, फोन मीच केला फादरना. पण त्यांनी करायला लावला."

"कुणी?"

"यांनी," जिल्बेर म्हणाला आणि खांद्यावरच्या पेटीकडे डोळ्यांनी खूण केली.

मार्सियालनं मग सांगितलं. जानेवारीत ओक्ताव दोन काठ्यांवर कॅफेत आला होता, शेवटचा. सगळे होते, जिल्बेरही होता. ओक्तावनं ग्लास मागवला, प्यायला नाही, आणि म्हणाला, मी गेलो की मला आत न्या. पहिल्या वेळी मला न विचारता नेलं होतं, या वेळी मी सांगून जाणार. आणि आयुष्यभर माझ्याबरोबर बाहेर उभे राहिलात, तेच उचला. जिल्बेर, तू पुढे, उजवीकडे.

"आम्हाला वाटलं गंमत करतोय," मार्सियाल म्हणाला. "मी म्हटलं, अरे, नोएमीला सांगितलंस का? तर म्हणाला, खबरदार कुणी तिला सांगाल. ती विचारेल, माझ्यासाठी करतोयस का? आणि मला हो म्हणावं लागेल."

खांदेकऱ्यांचे खांदे भरून आले होते, पण पेटी खाली ठेवायचं कुणी सुचवेना. पठारावरचा वारा झेंड्याचं टोक उचलत होता.

"म्हातारा डांबरट," ती शेवटी म्हणाली. "मी विचारावं म्हणून मागे लागला होता. सूप विचारलं मी त्याला." आणि तिनं खिशातून चावी काढली.

डावी फळी उघडली. पेटी खांद्यावर घेऊन एका फळीतून जाता येईना. उजवी फळी क्लोतिल्दबाईंच्या वेळेनंतर उघडलेलीच नव्हती, आणि मध्ये सगळा हिवाळा ती पाणी प्यायली होती. नोएमीनं आतून खिटी काढली, खांदा लावला. दार हललं नाही.

"ठेवा त्याला," ती म्हणाली. "आणि या इकडे सगळे."

पेटी दाराबाहेरच्या दगडी कट्ट्यावर ठेवली. मग लिंडनखालची ती सगळी माणसं फुगलेल्या फळीला भिडली. ज्यांनी आयुष्यात उंबऱ्याला बूट लावला नव्हता, ती खांद्याला खांदा लावून शिव्या देत रेटायला लागली. मार्सियाल ओरडला, "अरे रंधा मारायला काय झालं होतं त्याला!" फळीनं एकदा कण्हून घेतलं आणि एकदम सुटली. जिल्बेर आत पालथा पडला, मार्सियाल त्याच्या अंगावर, बाकीचे त्या दोघांवर. टोप्या घरंगळत दगडी पात्रापर्यंत गेल्या. ज्यांच्या डोक्यावर राहिल्या होत्या, ते तसेच गांगरून वर छताकडे बघत बसले.

"टोप्या," नोएमी म्हणाली. "काढा."

काढल्या. मग ते उठले, गुडघे झाडले, बाहेर जाऊन पेटी उचलली आणि ओक्ताव लाफोंला उघड्या दारातून, भर दिवसा, आत घेऊन आले. जिल्बेरचे सहा महिने तिथेच मोडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. त्याला ते कळत होतं. चालताना त्याची पावलं चुकली नाहीत, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

फादर मधल्या वाटेनं पुढे झाले आणि वेदीसमोरची जागा दाखवू लागले. नोएमीनं खांदेकऱ्यांना हातानं थांबवलं.

"तिथे नको. इकडे. डावीकडे, त्या तिसऱ्या खांबाखाली."

"मॅडम, रीत अशी आहे की..." फादर म्हणाले.

"रीत ठाऊक आहे मला, फादर. पण तो त्याला बघायला आलाय."

खांदेकऱ्यांनी पेटी तिथे ठेवली. मग एकेकानं वर पाहिलं. उकिडवा बसलेला, गाल फुगवलेले, डाव्या हातात हातोडा. मार्सियालनं जिल्बेरला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाला, "डावखुराच आहे रे." जिल्बेर बराच वेळ मान वर करून पाहत राहिला.

"सुरू करा, फादर," नोएमी म्हणाली. "आणि थोडक्यात आटपा. त्याला लांबण आवडायची नाही."

मग ती पहिल्या बाकावर बसली. ते बाक ती इतकी वर्षं पुसत आली होती, बसली मात्र कधी नव्हती.